उजव्या कानामागे

“ताई, इथं लहानपणी काही भाजलं होतं का हो?” सलूनवाल्या झिल्दानं विचारलं. अगदी सहज, कुंचला रंगाच्या वाडग्यात बुडवता बुडवता. मी समोरच्या आरशात माझ्याच तोंडाकडे बघत बसले होते, गळ्याभोवती ते काळं प्लास्टिक, निम्मं डोकं रंगानं लडबडलेलं. तिचं बोट कुठं आहे ते मला कळेना. मला कधीच कळत नाही. माझ्या डोक्याचं तसंच आहे. टाळूला कुणी हात लावला तर मला भुवईच्या टोकाशी मुंगी चालल्यासारखं वाटतं, आणि मागच्या बाजूला तर टाचणी टोचली तरी पत्ता लागत नाही. “कुठं?” मी म्हटलं. “हे काय, उजव्या कानामागे. नखाएवढं आहे. इथं केसच नाहीत.” “टाक्यांची खूण असेल. माझं ऑपरेशन झालंय डोक्याचं.” “टाक्यांची रेघ ती खाली गेलीय की, मला दिसतेय. हे तिच्या बरंच वर आहे. हे भाजल्याचंच, ताई. माझ्या भाच्याच्या हनुवटीला आहे अगदी असंच, तुळतुळीत.” आणि मग, माझा चेहरा बघून असेल, “म्हणजे दिसत नाही हो कुणाला. एवढे दाट केस तुमचे, कुणाला दिसणार?” मी म्हटलं, “धू.” “काय?” “धुऊन टाक सगळं. मला जायचंय.” “अहो, अर्धंच झालंय! अशा बाहेर पडलात तर लोक मला हसतील.” “हसू देत,” मी म्हटलं.

रस्त्यावर आल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हे, की बाई खोटं बोलतेय. या सलूनवाल्या असंच करतात. आधी डोक्यात काहीतरी खोट काढायची आणि मग कपाटातली बाटली पुढं करायची. मला कुणी शिकवायला नको. बंदराजवळच्या कापडाच्या दुकानात मी दारावर उभी असते, बिल आणि पिशवी ताडून बघायला, आणि कुणी पोटाशी काय लपवलंय ते त्याच्या चालण्यावरून सांगते. माझा नवरा आल्देमिर म्हणतो, देवळात शेजारची बाई डोळे मिटून बसली तरी तू तिला विचारशील, काय लपवतेस म्हणून. म्हणू दे. पण झिल्दानं बाटली पुढं केली नव्हती, हेच मला खुपत होतं. तिला माझ्याकडून काही नको होतं. आणि मुळात मी त्या खुर्चीत बसायलाच नको होतं. माझ्या केसांना दाल्वाशिवाय कुणाचा हात लागत नाही. दाल्वा माझी बहीण, जुळी. आम्ही दोघी लहानपणी एकाच वेळी, एकाच होडीच्या इंजिनात केसांनी सापडलो. माझ्या डोक्यावर केस आहेत, तिच्या नाहीत. ती टोप करते, केसांचे, आमच्यासारख्या मुलींसाठी. नदीकाठच्या गावांतून अजून येतातच अशा पोरी, अजून त्या होड्यांतले दांडे कुणी झाकत नाही. या महिन्यात ती तेच शिकवायला माकापा शहरात गेली होती. इकडे बेलेममध्ये नाझारेच्या माउलीची मिरवणूक तोंडावर आलेली, घरी पाहुणे येणार, फोटो निघणार, आणि माझ्या कपाळावर ही पांढरी बट. म्हणून गेले. दाल्वाला न सांगता गेले, हेही खरं. का नाही सांगितलं? माझेच केस, माझेच पांढरे झालेले, त्यात तिला विचारायचं काय? पण विचारायला हवं होतं असं मला वाटत होतं, आणि तसं का वाटत होतं ते मला त्या दिवसापर्यंत कळलेलं नव्हतं.

घरी आल्देमिर झोपाळ्यात लोळत होता. “अरे वा,” तो म्हणाला, “अर्धं डोकं काळं, अर्धं पांढरं. हे कुठल्या सणाचं सोंग?” “उठ. माझ्या कानामागचा फोटो काढ.” “कानामागचा? आणि तो कुणाला पाठवायचा?” “मेल्या, काढतोस का जाऊ शेजारी?” त्यानं केस बाजूला केले, मला काहीच लागलं नाही, फक्त भुवईशी ती मुंगी. फोन माझ्या हातात आला. मी फोटो मोठा केला. पांढरट, गुळगुळीत, एका बाजूला गोल आणि एका बाजूला खोलगट. नखाएवढा. “हा कधीपासून आहे?” “मला काय माहीत,” आल्देमिर म्हणाला, “एवढी वर्षं तू माझ्या पुढंच उभी राहून बोलतेस, मागचं बघायला मिळालंय कधी?” तो हसला, मी हसले नाही. तो डाग मी ओळखत होते. तो माझा नव्हता. आम्ही रांगत होतो तेव्हा आई मांदिओकाच्या कंदाचं पीठ भाजत होती, आणि भट्टीतून उडालेला निखारा दाल्वाच्या डोक्यावर पडला होता. उजव्या कानामागे. नदीतल्या आमच्या बेटावर सगळ्यांना ते ठाऊक होतं, कारण आम्हाला ओळखायची तेवढी एकच खूण होती. आई लांबून हाक मारायची आणि दोघीही ओ द्यायचो; मग ती जवळ बोलवून उजव्या कानामागचे केस वर करायची, आणि डाग असेल तिला धपाटा घालायची किंवा नसेल तिला.

मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि नळ सोडून बसले. विचार करायला मला पाण्याचा आवाज लागतो, बेटावरची सवय. आमचं घर पाण्यावरच होतं, खांबांवर उभं. दारात धक्का, धक्क्याला बांधलेली पोपोपो. इंजिनाचा आवाज तसा म्हणून होडीचं नाव तसं. इंजिन मध्ये, आणि तिथून मागच्या पंख्यापर्यंत लोखंडी दांडा, होडीच्या तळातून उघडाच फिरत जाणारा. तळात पाणी साचायचं, आणि ते उपसायला बसवायची ती लेकरंच, कारण मोठी माणसं बसली तर होडी कलंडते. वाळक्या भोपळ्याची वाटी घेऊन दांड्याच्या शेजारी बसायचं आणि वाकून वाकून पाणी बाहेर टाकायचं. त्या दिवशी आम्ही बापाबरोबर गावच्या जत्रेला निघालो होतो, नऊ वर्षांच्या होतो. आईनं न्हाऊ घातलं होतं आणि केस वाळायला मोकळेच सोडले होते, कमरेखालपर्यंत. माझ्या केसांना कधी कात्री लागली नव्हती. मी जन्मतःच मरतुकडी, जगते का मरते अशी; तेव्हा आईनं माउलीला नवस बोलला होता की पोर जगली तर तेरावं वर्ष लागायच्या आत तिचे केस तुला वाहीन, तोवर ते तुझेच. दाल्वाचा नवस नव्हता, ती धडधाकट होती. पण माझे कापायचे नाहीत म्हटल्यावर तिनंही कापू दिले नाहीत. आई मला रोज बजावायची, हे केस तुझे नाहीत गं, माउलीचे आहेत, ते तिला पोचले नाहीत तर ती तुला घेऊन जाईल. मला भीती वाटायची का? आठवत नाही. दाल्वाला वाटायची. ती माझी वेणी गाठींपर्यंत तपासायची, आणि नदीत पोहताना माझ्या मागे मागे यायची.

आणि त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं, की वाटी माझ्या हातात होती. मग कुणीतरी मागून ओढल्यासारखं झालं. दुखलं नाही. खरंच दुखलं नाही, हे मी शपथेवर सांगते, नुसतं सगळं गरम झालं आणि दाल्वाचा आवाज आला, “नेइदे!” बाकीचं मला सगळ्यांनी सांगितलेलं. माझे केस आधी सापडले. दाल्वा मला ओढायला वाकली आणि तिचेही गेले. बापानं इंजिन बंद केलं तोवर दोघींची कवटी उघडी पडली होती. दांड्यावर गुंडाळलेलं केसांसकट कातडं बापानं चाकूनं सोडवलं. त्यातलं एक अगदी चिंध्या झालेलं होतं, ते नदीत टाकलं. दुसरं भुवयांपासून मानेपर्यंत अख्खं निघालेलं होतं. नोनातोकाकाची मासळीची होडी योगायोगानं तिथून चालली होती. त्यानं ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं आणि माशांच्या बर्फाच्या पेटीत ठेवलं. इथं बेलेममध्ये, मोठ्या सरकारी दवाखान्यात, नेमका दक्षिणेकडून एक डॉक्टर आलेला होता. दुर्बिणीखाली बघून तो रक्ताच्या केसाहून बारीक नळ्या केसाहून बारीक दोऱ्यानं जोडायचा. त्यानं रात्रभर बसून ते डोक्याला परत लावलं. माझ्या डोक्याला. कपाळापाशीची एक नळी धरली आणि सगळं गुलाबी झालं म्हणे. नर्स सुई टोचून बघायच्या, लाल थेंब आला की एकमेकींना हाका मारायच्या. दाल्वाच्या उघड्या हाडावर लावायला कातडी पुरेना, तेव्हा त्यांनी ती माझ्या मांडीवरून घेतली. डॉक्टर म्हणाला होता, “जुळ्या आहात, एकीचं दुसरीला चालतं, दुसऱ्या कुणाचं चाललं नसतं.” ते मी जन्मभर मिरवलं. दाल्वाच्या डोक्यावर माझी कातडी आहे, मी दिलीय, असं मी लोकांना सांगत आले. आणि आई सांगायची, माउलीनं आपले केस राखले. पुरतं बारावं वर्षही सरलं नव्हतं तेव्हा तिनं माझी नवी वेणी कापली, आणि आम्ही मिरवणुकीत ती माउलीला वाहिली. नवस फिटला. मी जगले.

न्हाणीघरात बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं, की हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. एकेक गोष्ट माहीत होती, फक्त ती मी कधी एकीशेजारी एक ठेवली नव्हती. जिचे केस आधी सापडले तिचे आधी गुंडाळले गेले, खोल, दांड्याला लागून. चिंध्या झाल्या असतील तर तिच्या. जी नंतर वाकली तिचं वरच्यावर निघालं, अख्खं. आधी मी. नंतर दाल्वा. यात काय न कळण्यासारखं होतं? दारावर उभी राहून मी परक्या बाईच्या परकराच्या घडीतली कापडं शोधते, आणि माझ्याच डोक्यावर काय आहे ते मला एवढी वर्षं दिसलं नाही. एकीचं दुसरीला चालतं. चाललं. मग हे केलं कुणी? आईनं. दुसरं कोण करणार? तिचा नवस होता. डॉक्टर विचारत असणार, बाई, दोघी सारख्या दिसतात, हे कुठलीचं, आणि आईला डाग दिसला असणार, तिच्याइतका तो कुणाला ओळखीचा होता? तरीही तिनं सांगितलं असणार, नेइदेचं. एका लेकीला सोलून दुसरीला पांघरलं. माझ्यावर तिचा जास्त जीव होता का? तसं कधी वाटलं तर नाही. उलट दाल्वाच्या ताटात ती मासा मोठा वाढायची. आता त्या मोठ्या माशाचाही मला संशय येऊ लागला.

पण आई गेली. मेलेल्या माणसाला विचारता येत नाही आणि त्याचा राग धरूनही काही साधत नाही. खरा किडा वळवळायला लागला तो दाल्वाचा. तिला माहीत होतं का? माझे केस आजवर तिनंच कापले, तिनंच विंचरले. आंदिरोबाच्या बियांचं तेल घेऊन ती शनिवारी यायची आणि मला खाली बसवून दोन्ही मांड्यांत माझं डोकं धरायची. उजव्या कानामागे तिचं बोट किती वेळा गेलं असेल? तो डाग तिला दिसला नाही? माझ्याच बहिणीला, ज्याच्या नावानं तिनं धपाटे खाल्ले तो डाग? मग एकेक आठवायला लागलं आणि जे आठवेल ते वेगळंच दिसायला लागलं. उन्हात जाऊ नको, डोक्याला फडकं बांध. हा साबण लावू नको. रंग तर मुळीच लावायचा नाही, पांढरे झाले तर होऊ देत. मला वाटायचं, माया. तीन-चार वर्षांनी केस वाढले की कात्री घेऊन यायची, “दे बाई, माझा टोप विरळ झालाय,” आणि कापून न्यायची, एकेक केस निवडून टोपात ओवायची आणि घालायची. बाजारात विकत मिळतात की केस! ती स्वतः पोत्यांनी आणते कामासाठी. पण तिच्या डोक्यावर माझेच लागायचे. मी म्हणायची, बघा, जुळ्यांची ओढ. ओढ कसली! दुसऱ्याकडे राहायला दिलेल्या घराची मालकीण येऊन भिंतींना हात लावून जाते ना, तशी ती येत होती. इतकी वर्षं तोंडानं साखर, आणि मनात काय? मी माझे दिवस आठवले, माझं लग्न आठवलं. आल्देमिर आधी कुणाशी बोलायला लागला होता ते मला आठवायचं नव्हतं, तरी आठवलं. तो धक्क्यावर आमच्या दोघींशी बोलायचा, आणि मग एकीशीच. दाल्वानं त्या लग्नात माझ्या डोक्यावर फुलं माळली होती. हसत होती. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की ती तेव्हा का हसत होती. बाकी काही नको. डाग कुणाचा हे मला कळलेलंच होतं. मला हे हवं होतं, की माझी बहीण माझ्यावर जीव लावते का माझ्या डोक्यावर. दुसरं कुणी माणूस मला या जगात उरलेलं नाही. आल्देमिर आहे, पण नवरा तो नवरा.

दाल्वा आली ती पानांची गाठोडी घेऊनच. सणाच्या मनिसोबा कालवणाला मांदिओकाची पानं आठवडाभर उकळावी लागतात, नाहीतर त्यात विष असतं, आणि हे उकळणं आम्ही दोघी दर वर्षी माझ्या परसात करतो, आलटून पालटून भांड्याशी बसून. तिनं चूल पेटवली, टोप काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला, आणि चकचकीत डोक्यावरचा घाम पदरानं पुसावा तसा बाहीनं पुसला. माझ्या मांडीची कातडी. पेन्सिलीनं काढलेल्या भुवयांपैकी एक पुसली गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं. “हे काय केलंस गं डोक्याचं?” “रंग लावायला गेले होते. अर्ध्यात उठले.” “मला सांगायचं नाही?” “का सांगायचं?” मी म्हटलं. आवाज चढला असावा, कारण तिनं पळी खाली ठेवली. “तुझे आहेत का ते?” मीच पुढं म्हटलं.

भांड्यातलं पाणी हिरवं उकळत होतं. मी फोन काढून तिच्यापुढं धरला. “हे बघ. ओळख.” तिनं फोटोकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. “कुणी काढला?” “आल्देमिरनं. म्हणजे तुला माहीत होतं.” “डोकं माझं होतं, नेइदे. ते माझ्या अंगावरून निघालं. मला माहीत नसणार तर कुणाला?” इतक्या शांतपणे म्हणाली की मला तिच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. “आणि आजवर बोलली नाहीस! तेल लावत बसलीस! केसानं गळा कापतात म्हणतात तो असा! मनात काय काय म्हणत असशील मला, देवच जाणे. आणि आई, तिनं तर कमाल केली. नवसासाठी पोटच्या पोरीचं काढून—” “आईला मध्ये आणू नकोस,” दाल्वा म्हणाली. “का? तिनंच सांगितलं ना डॉक्टरला, नेइदेचं म्हणून?” “आई कुठं होती तिथं? आईला बेटावरून निघायला होडीच मिळाली नाही, ती दुसऱ्या दिवशी आली. बाप होता, तो बाहेर भिंतीला टेकून बसला होता, कुणी काही विचारलं की नुसता हात जोडायचा. नोनातोकाका म्हणाला, मला काही कळत नाही डॉक्टर, पोरीलाच विचारा, ती शुद्धीत आहे.” ती चुलीकडे वळली, एक लाकूड आत सारलं. “तू शुद्धीत नव्हतीस. मी होते.”

मी ओट्यावर बसले. “तू सांगितलंस?” “हो.” “का?” “का म्हणजे? तू मरशील म्हणून.” ती चिडली होती, माझ्यावर नाही, असल्या प्रश्नावर. “तुझे तर नदीत गेले होते, मी बघितलं ना बापानं टाकलेले. माउलीचे केस नदीत गेले. आता ती तुला नेणार. आई रोज सांगायची की नाही? डॉक्टरनं पिशवी उघडून दाखवली आणि विचारलं, सांग बाळ, हे कुणाचं, तुझं का बहिणीचं? मी म्हटलं नेइदेचं. त्यानं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. नऊ वर्षांची होते गं. मला वाटलं, माउलीला काय कळतंय, सारखेच तर आहेत.” “आणि आईला?” “तुझी पट्टी बदलताना डाग दिसला तिला. माझ्याकडे बघितलं, आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही. नंतर मासा मोठा वाढायला लागली.”

आल्देमिर दारात येऊन उभा राहिला होता, काहीतरी विनोद करायच्या बेतात; आमच्याकडे बघून तसाच परत गेला. मला रडू येत होतं आणि येत नव्हतं. इतके दिवस मी जिच्या पिशवीत चोरी शोधत होते तिच्या पिशवीत हे निघालं. पण माझा स्वभाव मेला जात नाही. मी विचारलंच. “आणि नंतर? मोठी झाल्यावर? तेव्हाही तुला काहीच वाटलं नाही? खरं सांग, दाल्वा. माझ्या लग्नात. एवढ्या शनिवारी. कधी तरी वाटलं असेल की हे माझं आहे.”

दाल्वानं पळीनं पानं खालीवर केली. वाफ तिच्या तोंडावर आली आणि दुसरी भुवईही पुसट झाली. “मोठेपणी नाही,” ती म्हणाली. “मोठेपणी काय, समजतं माणसाला. लहानपणी होतं तसं. मला वाटायचं, ते तुझ्याकडे नवस फिटेपर्यंतच आहे.” “म्हणजे?” “म्हणजे डॉक्टरनं दोऱ्यानं शिवलं होतं ना? शिवलेलं उसवता येतं. मला वाटलं, वेणी माउलीला पोचली की तुझं भय गेलं. मग आपण परत दवाखान्यात जाऊ, आणि ते मला लावतील, आणि तुला माझं फडकं. मी कुणाला बोलले नाही, पण मनात धरूनच होते. तीन वर्षं धरून होते. तुझे केस वाढताना मी रोज बघायची ना, तुला वाटायचं मी नवसासाठी बघते.” ती थोडी हसली. “तुम्ही त्या दिवशी मिरवणुकीहून आलात, तू, आई, बाप. तुझे केस कापलेले. मी घरी होते, मला मिरवणुकीत न्यायचे नाहीत, ऊन लागतं म्हणून. सकाळीच आंघोळ केली मी. आईचा नवा साबण होता, तो डोक्याला घासला, चांगलं स्वच्छ केलं. फडकं काढून ठेवलं, आणि तशीच धक्क्यावर जाऊन बसले. होडी लांबून दिसली तेव्हा उठून उभी राहिले.”

“मग?” मी म्हटलं.

“मग काय. आई होडीतूनच ओरडली, अगं डोकं झाक, मागून लोक येतायत.” दाल्वानं पळीतलं पाणी झटकलं. “झाकलं.”